तुडतुड्याची लाळ आणि आपल्या पानातला भात

दसऱ्याच्या सुमारास तेलुगू वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत 'दोमपोटु' हा शब्द दिसू लागतो. आपल्यापैकी ज्यांची निजामाबाद, बोधन भागात अजून भाताची शेती आहे, त्यांना तो वाचून धस्स होते. 'दोम' म्हणजे डास. भातावरच्या ज्या किडीला मराठीत तपकिरी तुडतुडा म्हणतात, तिचे तेलुगू नाव 'सुडिदोम'. 'सुडि' म्हणजे भोवरा. शेतात मध्येच गोल चकती पिवळी पडते, मग करपते, आणि आठवडाभरात ती चकती भोवऱ्यासारखी पसरत जाते. कापणीला आलेले हिरवेगार शेत पाहता पाहता जळाल्यासारखे दिसते.

तुडतुडा हा काही डास नाही. त्याचे नाते मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकणाशी. तरीही शेतकऱ्यांनी दिलेले हे नाव आम्हाला फार नेमके वाटते, कारण डास आणि तुडतुडा यांचा धंदा एकच आहे. दुसऱ्याच्या अंगात सुई खुपसायची आणि तिथला प्रवाह गोठू न देता पीत राहायचे. डास चावल्यावर आपल्याला खाज सुटते ती त्याच्या सुईमुळे नव्हे, त्याच्या लाळेमुळे. रक्त गोठू नये म्हणून डास आधी लाळ सोडतो, आणि त्या लाळेतल्या प्रथिनांवर आपले शरीर चवताळते. तुडतुड्याचेही तसेच आहे. गेल्या वीसेक वर्षांत शास्त्रज्ञांनी या लाळेतली एकेक प्रथिने वेगळी करून ती रोपाचे काय करतात ते तपासले. सोना मसुरी आणि सांबा मसुरी रोज खाणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, म्हणून हा लेख.

आधी किडीची थोडी ओळख. पूर्ण वाढलेला तुडतुडा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा असतो. तो पानावर बसत नाही, रोपाच्या बुंध्याशी, पाण्याच्या अगदी वर बसतो. त्यामुळे बांधावरून पाहणाऱ्याला शेत ठणठणीत दिसते आणि आत वाकून धांडा बाजूला केला की शेकडो किडी दिसतात. एकाच जातीत आखूड पंखांचे आणि लांब पंखांचे असे दोन प्रकार असतात. अन्न भरपूर असेल तर आखूड पंखांच्या माद्या जन्मतात आणि तिथेच अंडी घालत राहतात. गर्दी वाढली, रोप वाळू लागले की लांब पंखांची पिढी तयार होते आणि उडून दुसरे शेत गाठते. भारतात ही कीड मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा गाजली ती १९७३ च्या सुमारास, केरळात. त्याआधीही ती होतीच, पण तिला कोणी फारसे विचारत नव्हते. बुटक्या, भरपूर युरिया खाणाऱ्या, दाट लावलेल्या नव्या वाणांनी तिचे दिवस पालटले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शाळेत आपण शिकलो की झाडात दोन प्रकारच्या नळ्या असतात. जलवाहिनी मुळांकडून पाणी वर नेते आणि रसवाहिनी पानात तयार झालेली साखर सगळीकडे पोचवते. तुडतुडा, मावा, पांढरी माशी यांना ही साखर हवी असते. वाटते की काय अवघड आहे, शहाळ्यात नळी घालावी तशी सोंड घालायची आणि ओढायचे. प्रत्यक्षात ओढायचीही गरज नसते. रसवाहिनीतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो. रस आपोआप किडीच्या तोंडात येतो. केनेडी आणि मिट्लर या दोन संशोधकांनी १९५३ मध्ये मावा रस पीत असताना त्याची सोंड कापली. मावा गेला, पण झाडात राहिलेल्या सोंडेच्या थोटकातून रस तासन्‌तास ठिबकत राहिला. शुद्ध रस गोळा करायची ती एक उत्तम युक्ती ठरली. पुढे जपानमध्ये भाताचा रस मिळवायला तुडतुड्याची सोंड लेझरने कापून हीच युक्ती वापरली गेली.

पण यातच खरे कोडे आहे. रसवाहिनीला सुईएवढे भोक पडले तरी झाड ते लगेच बुजवते. बुजवले नाही तर इतक्या दाबाखालची साखर वाहून जाईल. जखम होताच पेशीत कॅल्शियम शिरते आणि त्या इशाऱ्यावर प्रथिनांचे बोळे फुगून नळीत अडकतात. नळीच्या चाळणीसारख्या पडद्यांवर कॅलोज नावाचा लेप चढतो. म्हणजे जे आपल्या रक्ताचे होते, तेच झाडाच्या रसाचे. मग त्या थोटकातून रस तासन्‌तास का वाहत राहिला? झाडाने ते भोक का बुजवले नाही?

उत्तर लाळेत असावे, हा अंदाज जुना आहे. ऑस्ट्रेलियात पी. डब्ल्यू. माइल्स यांनी या वर्गातल्या किडींच्या लाळेचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि दाखवले की लाळ एक नसून दोन प्रकारची असते. किडीची सोंड म्हणजे केसाहून बारीक चार तंतूंची जुडी. आतल्या दोन तंतूंच्या मध्ये दोन नलिका असतात, एकीतून लाळ खाली जाते, दुसरीतून रस वर येतो. सोंड पेशींमधून वाट काढत जाते तेव्हा आधी घट्ट होणारी लाळ सुटते. ती सोंडेभोवती गोठून तलवारीच्या म्यानासारखे आवरण बनवते. कीड उडून गेली तरी हे म्यान झाडात तसेच राहते आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहता येते. रसवाहिनीत पोचल्यावर दुसरी, पाण्यासारखी पातळ लाळ सुटते. ही लाळ थेट झाडाच्या प्रवाहात मिसळते.

हे सगळे झाडाच्या आत घडत असताना बाहेर बसून पाहायचे कसे? यासाठी वापरली जाणारी युक्ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. किडीच्या पाठीवर चांदीच्या लेपाने सोन्याची अतिशय बारीक तार चिकटवतात. दुसरी तार कुंडीतल्या मातीत असते. किडीने सोंड खुपसली की विजेचे वर्तुळ पूर्ण होते आणि तिच्या प्रत्येक हालचालीचा आलेख उमटतो, आपल्या ईसीजीसारखा. लाळ सोडतानाची रेघ वेगळी, रस पितानाची वेगळी. या आलेखांनी एक गोष्ट पक्की केली. रसवाहिनीत शिरल्यावर कीड लगेच पीत नाही, आधी लाळ सोडते. किडीला दाद न देणाऱ्या वाणावर ती पुन्हा पुन्हा टोचते, लाळ सोडत राहते, आणि पिण्याचा वेळ अगदी थोडा असतो.

२००७ मध्ये जर्मनीतल्या गीसेन इथल्या गटाने एक सुंदर प्रयोग केला. वाल-घेवड्याच्या कुळातल्या झाडांच्या रसवाहिनीत एक खास प्रथिनाचा बोळा असतो, तो कॅल्शियम लागताच फुगतो. बाकल्याच्या रोपाचे पान टोकाशी भाजले की हा इशारा रसवाहिनीतून धावतो आणि बोळे फुगतात. त्या वेळी पानावर रस पीत बसलेल्या माव्याने पिणे थांबवले आणि लाळ सोडायला सुरुवात केली. मग संशोधकांनी माव्याची लाळ जमवून काचपट्टीवर फुगलेल्या बोळ्यांवर घातली, तर बोळे आक्रसले. लाळेत कॅल्शियम पकडून ठेवणारी प्रथिनेही सापडली. कॅल्शियम हाच इशारा, आणि लाळ तो इशाराच गिळून टाकते, असे चित्र उभे राहिले.

इतके देखणे चित्र सहसा जसेच्या तसे टिकत नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हीच गोष्ट जिवंत रोपात तपासली. लाळ सोडत असलेल्या माव्याला पानासकट क्षणात गोठवले आणि आतले बोळे पाहिले. लाळ पडलेले बोळे शेजारच्या, लाळ न पडलेल्या बोळ्यांपेक्षा लवकर आक्रसले नव्हते. म्हणजे काचपट्टीवर घडते ते झाडात तसेच घडते असे नाही. आमच्या मते याने लाळेचे महत्त्व कमी होत नाही. एवढेच कळते की तिचे काम बोळा सोडवण्यापुरते नसून बरेच गुंतागुंतीचे आहे.

ते महत्त्व थेट दाखवणारा प्रयोग अमेरिकेत कॅन्ससमध्ये झाला. वाटाण्यावरच्या माव्याच्या लाळग्रंथीत एक प्रथिन सापडले, त्याला 'सी००२' असे रूक्ष नाव दिले गेले. ज्या जनुकावरून ते बनते ते जनुक संशोधकांनी माव्यात मुके केले. मावा जिवंत होता, सोंड शाबूत होती. तरी झाडावर त्याला रसवाहिनी नीट गाठता येईना, पिता येईना, आणि तो लवकर मेला. म्हणजे सुई तीच, झाड तेच, लाळेतले एक प्रथिन कमी झाले आणि भरल्या पानावर उपासमार. हे काम २००६ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर जगभर लाळेतली प्रथिने शोधण्याची धांदल उडाली.

आता पुन्हा भाताकडे. इथे बरेचसे काम चीनमध्ये झाले आहे, कारण तिथेही या किडीने हाहाकार माजवलेला. लाळ गोळा करण्याची पद्धत सोपी आहे. ताणलेल्या पातळ पडद्यामागे साखरेचे पाणी ठेवायचे, तुडतुडे पडद्यातून सोंड घालून ते पितात आणि लाळ मागे ठेवतात. या लाळेत शंभरांहून अधिक प्रथिने सापडली. त्यांतले एक म्यान तयार करण्याचे काम करते. ते बनू दिले नाही तर म्यान नीट होत नाही आणि किडीला पोट भरता येत नाही. दुसरे एक प्रथिन कॅल्शियमला चिकटते आणि रोपाचा धोक्याचा इशारा दाबते.

कॅलोजच्या लेपाचीही गोष्ट अशीच. वुहान विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की तुडतुडा बसल्यावर नाजूक वाणातही रसवाहिनीच्या चाळणीवर लेप चढतो. पण थोड्याच वेळात तो लेप विरघळवणारी रोपाचीच यंत्रणा जागी होते आणि वाट पुन्हा मोकळी होते. टिकाव धरणाऱ्या वाणात लेप तसाच राहतो.

सगळ्यांत मोलाची गोष्ट याच गटाने २०२३ मध्ये मांडली. तुडतुड्याच्या लाळेत 'बिस्प' नावाचे एक प्रथिन असते. ते भाताच्या पेशीत शिरते आणि तिथल्या पहारेकरी प्रथिनाला पकडून त्याचे काम ढिले करते. साध्या वाणात एवढ्याने किडीचे काम होते. पण काही वाणांत 'बीपीएच १४' नावाचे जनुक असते. ते मुळात जंगली भातातून आले आणि २००९ मध्ये ओळखले गेले. या जनुकापासून बनलेले प्रथिन बिस्पला थेट ओळखते, त्याला जाऊन चिकटते, आणि रोपाची सगळी संरक्षणव्यवस्था खडबडून जागी होते. जी लाळ कुलूप उघडायला आणली, तिनेच चोराचा पत्ता दिला.

पुढचा भाग तर आम्हाला याहून सुरस वाटला. संरक्षण सतत चालू ठेवणे रोपाला परवडत नाही, वाढ खुंटते आणि दाणे भरत नाहीत. म्हणून रोप बिस्पला ओळखते तसे काही वेळाने त्याला आपल्याच कचरा-व्यवस्थेत ढकलून मोडूनही टाकते. कीड हटली, बिस्प संपले, की पहारा उतरतो आणि रोप पुन्हा दाणे भरण्याच्या कामाला लागते. आजवर कीड सोसणारे वाण कमी का पिकतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार असे. त्या तक्रारीमागचे गणित इथे स्पष्ट दिसते.

पण कीडही बदलत असते. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ मध्ये आयआर २६ हा तुडतुड्याला दाद न देणारा वाण दिला. लाखो हेक्टरवर तो लागला आणि दोन-तीन वर्षांत तुडतुडे त्यावर आरामात जगू लागले. मग १९७६ मध्ये दुसऱ्या जनुकाचा आयआर ३६ आला. तोही काही वर्षांनी ढासळू लागला. दक्षिण आशियातले तुडतुडे तर आणखी चिवट मानले जातात, ही पहिली दोन्ही जनुके त्यांच्यापुढे चालत नाहीत. लाळ आणि रोप यांचे नाते कळल्यावर याचे आश्चर्य वाटत नाही. अख्ख्या मुलखात एकाच जनुकाचा पहारा बसवला, तर लाळेत थोडा फरक असलेली जी मूठभर किडी निसटते, तिचीच प्रजा पुढे वाढते.

जुन्या देशी वाणांची किंमत इथे कळते. केरळातल्या पट्टांबीचा पीटीबी ३३ आणि श्रीलंकेचा रतु हीनटी या दोन जुन्या भातांत तुडतुड्याला रोखणारी एकापेक्षा जास्त जनुके आहेत. आजही ते दाते म्हणून वापरले जातात. आपल्या राजेंद्रनगरला भारतीय भात संशोधन संस्था आहे. तिथल्या कामाचा उगम १९६५ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय भात सुधार प्रकल्पात आहे. अशा ठिकाणी वाण तपासायची रीत पाहण्यासारखी असते. एका ट्रेमध्ये ओळीने निरनिराळ्या वाणांची रोपे लावतात. त्यात एक ओळ तायचुंग नेटिव्ह १ या नाजूक वाणाची आणि एक ओळ पीटीबी ३३ ची. वर तुडतुड्यांची पिल्ले सोडतात. तायचुंगची ओळ पूर्ण वाळली की बाकीच्यांना गुण देतात. दुसऱ्या चाचणीत रोपाच्या बुंध्याशी रंगवलेला टीपकागद ठेवतात. तुडतुड्याने रसवाहिनीतला रस प्यायला असेल तर त्याच्या गोड विष्ठेचे निळे डाग पडतात. डाग जितके मोठे, तितकी लाळ यशस्वी. आपल्याला प्रिय असलेली सांबा मसुरी या परीक्षेत नापास होणाऱ्यांतली आहे. तिच्या तांदळाची चव आणि बारीक दाणा यांमुळेच शेतकरी ती सोडत नाहीत. एमटीयू १०१० सारखे वाण तुडतुडा बऱ्यापैकी सोसतात, पण बाजारात भाव बारीक दाण्यालाच.

मग फवारणी? इथे आम्ही जरा जोर देऊन सांगतो, कारण सभासदांकडून हा प्रश्न नेहमी येतो. तुडतुडा बुंध्याशी बसतो आणि फवारा पडतो पानांवर. तिथे मरतात ते कोळी आणि तुडतुड्याची अंडी शोषणारे छोटे ढेकूण, म्हणजे त्याचे शत्रू. अंडी पानाच्या वेष्टनात सुरक्षित राहतात. फवारणीनंतर तीन आठवड्यांनी कीड आधीपेक्षा जास्त, हा अनुभव आशियाभर आला. इंडोनेशियात १९८६ मध्ये तुडतुड्याच्या थैमानानंतर सरकारने भातावरची ५७ कीटकनाशके एका आदेशाने बंद केली. इमिडाक्लोप्रिडसारखे औषधही वारेमाप वापरून अनेक भागांत निकामी झाले आहे. पायमेट्रोझिनसारखी काही नवी औषधे किडीला मारण्याआधी तिचे खाणेच बंद पाडतात, शत्रूकीटकांना ती सौम्य आहेत, पण तीही बुंध्याशी पोचली तरच उपयोगी.

शेत असलेल्यांनी औषधाआधी करायच्या गोष्टी जुन्याच आहेत. लावणी करताना दर दोन मीटरवर वीस सेंटिमीटरची मोकळी वाट ठेवा. तेलुगूत तिला 'कालिबाट' म्हणतात. तिच्यातून ऊन आणि वारा बुंध्यापर्यंत जातो. युरिया एकदम न देता हप्त्यांत द्या, नत्राने फोफावलेले रोप किडीला फार मानवते. आणि आठवड्यातून एकदा बांधावरून नव्हे, शेतात उतरून, धांडा बाजूला करून बघा. कीड दिसू लागली की पाणी काही दिवस काढून टाका.

गच्चीवर कुंड्या असलेल्यांनाही ही लाळ परकी नाही. हिवाळ्यात वालाच्या, म्हणजे चिक्कुडुकायच्या शेंगांवर काळा मावा चढतो, खालची पाने चिकट होतात, त्यावर काजळी धरते आणि मुंग्यांची रांग लागते. तो चिकटपणा म्हणजे सोंडेतून आलेला जादा रस. पाण्याचा जोराचा फवारा रोज सकाळी चार-पाच दिवस मारला तर बहुतेक मावा पडतो. सोंड मोडलेला मावा पुन्हा चढून बसत नाही. लाल ठिपकेदार भुंगेरे दिसले तर त्यांना राहू द्या, त्यांच्या काटेरी अळ्याही माव्यावरच जगतात. भेंडीचे मात्र वेगळे. पांढऱ्या माशीच्या लाळेबरोबर विषाणू आत जातो आणि पानांच्या शिरा पिवळ्या होतात, त्याला आपण केवडा म्हणतो. केवडा आलेले झाड बरे होत नाही. शेजारच्या कुंडीवर माशी जाण्याआधी ते उपटून पिशवीत बांधून टाका, आणि पुढच्या वेळी बियाणे घेताना केवड्याला दाद न देणारा वाण मागून घ्या.